ओझं उतरवताना

चर्चमध्ये बिनतारी साक्ष द्यायला उभी राहिली आणि मागच्या बाकावर आईने शेजारी बसलेल्या मुलीचा हात धरला.

जुन्या गल्लीत या बाईला सगळे बिनतारीच म्हणायचे. बातमी पोचवायला तिला तार लागत नसे, जिन्याचा कठडा पुरे. आईचा नवरा पुलांना रंग द्यायचा. तो पुलावरून पडून गेला त्याच आठवड्यात बिनतारीने गल्लीभर करून टाकलं की तो पडलाच नाही, त्याने उडी मारली. बायकोने जीव नकोसा केला होता त्याचा. मग शेजारणी बोलेनाशा झाल्या आणि घरमालक नको ते बोलू लागला. आईने पोरीला कडेवर घेतलं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली केली. इस्पितळाच्या चादरींना इस्त्री करून तिने पोर वाढवली.

इथल्या चर्चच्या मंडळीत कुणालाच काही ठाऊक नव्हतं. मुलीला एवढंच माहीत होतं की बाबांचा पाय घसरला. त्या दिवशी ते घाईत घड्याळ विसरले, म्हणून ते मागे राहिलं. ते आता तिच्या मनगटावर असायचं, सैल, हात वर केला की कोपराकडे घसरणारं. बाबांची लग्नाची अंगठीही मागितली होती तिने एकदा. ती बाबांच्या बोटातच होती, त्यांच्याबरोबर मातीत गेली, असं आईने सांगितलं होतं.

बिनतारी हल्लीच या मंडळीत येऊ लागली होती. परवा ती खोलीवर आली. मुलगी शाळेत होती. बाई दारातच हुंदके द्यायला लागली.

"ताई, माफ करा हो मला. देवाला काय तोंड दाखवू मी?"

आईने माफ केलं. अगदी मनापासून केलं, तिचं तिलाच नवल वाटलं. "फक्त एक करा," ती म्हणाली. "हा विषय पुन्हा कुठे काढू नका. माझ्या पोरीला यातलं काही म्हणजे काही माहीत नाही."

"जीभ झडो माझी, बोलले तर!" बिनतारी म्हणाली आणि डोळे पुसत गेली.

आज पाळकांचा उपदेश नेमका चुगलीवर होता. छान बोलले. कुणाच्या पाठीमागे बोललेला शब्द देव ऐकतो म्हणाले. आईनेही मान डोलावली होती. शेवटी ते म्हणाले, "ज्यांच्या मनावर ओझं आहे, त्यांनी ते इथे उतरवावं."

"मी पापी आहे," बिनतारीने सुरुवात केली. "आणि जिचं मी वाटोळं केलं, ती ताई आज इथेच बसलीय."

सगळ्या माना मागे वळल्या. आई मान हलवत होती, नको, नको. लोकांना वाटलं, तिला भरून आलंय.

"मी सांत्वनाला म्हणून गेले होते हो. पण नजर कुठे? टेबलावर! तिथे त्यांचं घड्याळ काढून ठेवलेलं, आणि घड्याळाच्या पट्ट्यात लग्नाची अंगठी अडकवलेली. तेवढ्यावरून मी सांगत सुटले, की त्या भल्या माणसाने जीव दिला! खोटं होतं ते. सगळं माझ्या मनचं!"

"आमेन," कुणीतरी गहिवरून म्हणालं. पाळकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बायका तिला जवळ घ्यायला उठल्या. बिनतारी रडत होती आणि हसत होती. इतकं हलकं तिला आयुष्यात वाटलं नव्हतं.

आईला मात्र उठता येईना. संपलं, एवढंच तिच्या मनात येत होतं.

मुलगी रडली नाही. तिने मनगटावरचं घड्याळ वर ओढलं, पट्ट्यावरून एकदा बोट फिरवलं आणि आईकडे वळून हळूच विचारलं,

"आई, अंगठी तर बाबांच्या बोटात होती ना?"