मोकळं नाक

आता ऐका, कोंढ्यातली तीन तान्ही लेकरं एकामागं एक न्यूमोनियानं दवाखान्यात गेली, आणि तपासणीत जंतूच सापडेना! कारण शोधता शोधता गावातली नर्स तृप्ती पार हैराण झाली. चुलीचा धूर म्हणावा तर घरोघरी गॅस, लस म्हणावी तर तिनंच टोचलेली. स्वतःचं तान्हं पोरगं सासूजवळ ठेवून बिचारी दारोदार फिरत होती.

शेवटच्या घरी विमलाबाई पाय लांब करून बाळाला न्हाऊ घालत होती. गावातली सगळी लेकरं हिच्याच पायांवर न्हातात. आंघोळ झाली, तशी तिनं बाळाच्या नाकात कोमट तेल सोडलं. बाळाला असा ठसका लागला, की तृप्ती धावलीच.

"मावशी, हे काहून टाकून राहिल्या?"

"नाक मोकळं होते ना बाई. कसा खुल्ला श्वास चालते मंग!"

"ते तेल छातीत उतरते, मावशी! त्या तिघायच्या बी नाकात टाकलं होतं?"

"टाकलं ना! एका लेकराले सोडलं नाही आजवर."

तृप्तीनं तिथूनच घरी फोन लावला. रिंग वाजत राहिली, कोणी उचलेना.

विमलाबाई हसली. "सासूले लावून राहिली का? भेव नको ठेवू पोरी. काल तूच म्हणे ना, पोराचं नाक चोंदते म्हणून? आज त्याच्या नाकात जरा जास्तीच टाकलं."