चिमूटभर पीठ

दामूअण्णांच्या बायकोनं प्राण सोडला, त्या जागी सुनेनं परातीत पीठ पसरून वर टोपली झाकली. गेलेलं माणूस ज्या जन्माला जातं, त्याची पावलं सकाळी पिठावर उमटतात म्हणे. अण्णांचा विश्वास नव्हता. पण गिरणीतून पीठ त्यांनीच आणलं आणि टोपलीपाशी रात्रभर बसूनही राहिले.

सकाळी अण्णांच्या थोरल्या वहिनींनी टोपली उचलून वाकून पाहिलं. “ना पाखराचं पाऊल, ना मुंगीचं. काहीच नाही हो, भावोजी.”

अण्णाही वाकले. कडेचं पीठ तीन बोटांनी उचललेलं होतं. गिरणीतून पीठ आलं की बायको आधी अशीच चिमूट घेऊन चोळून बघायची, मगच डबा भरायची.

त्यांनीही चिमूट घेऊन चोळली.

“हो गं,” ते पुटपुटले, “जाडच दळलंय.”