घरी राहिलेलं कुलूप

"तू उभा आहेस ना? मग कुलूप कशाला हवं?" असं फिटरला म्हणून त्याचा साडू मिक्सरच्या तोंडातून पाय सोडून आत उतरलासुद्धा.

साबणाच्या कारखान्यातला मिक्सर तो. माणूस उभा मावेल एवढी टाकी आणि आत लोखंडी पाती. आठवड्यातून एकदा पात्यांना चिकटलेला साबण खरवडायचा. वरची पाती एकाने, खालची दुसऱ्याने. आत जाणाऱ्याने आधी स्विचला स्वतःचं कुलूप घालायचं आणि किल्ली खिशात टाकून उतरायचं, बाहेर सख्खा भाऊ उभा असला तरी. आज साडूचं कुलूप घरी राहिलं होतं. फिटरचं होतं, पण ते पलीकडच्या शेडमधल्या मशीनला लावलेलं. आणायला जावं, तर आत माणूस असताना स्विच सोडून हलायचं नाही. तेव्हा फिटर उभा राहिला.

दोघांच्या बायका बहिणी. पण कारखान्यात एकाच दिवशी लागलेले, त्यामुळे अरेतुरेच चालायचं. फिटर कुणाच्या अध्यात ना मध्यात. घरात उंदीर सापडला, तर पिंजरा उचलून पार मैदानात सोडून येणारा. साडूशी भांडण? छे! सासूबाई उठताबसता धाकट्या जावयाचं, म्हणजे साडूचं कौतुक करायच्या, तेवढंच काय ते. त्यावरून कुणी कुणाचा जीव घेतं का?

फिटर चपापला. जीव घ्यायचं नाव काढलं होतं कुणी?

मिक्सर चालू करायचं हिरवं बटण हाताच्या अंतरावर होतं. आतून खरवडण्याचा आवाज येत होता आणि मधूनमधून साडूचं गुणगुणणं. एक बोट पुरे. चुकून लागलं म्हणता येईल. लोक हळहळतील, उलट त्यालाच धीर देतील. आणि सासूबाई... कुणीतरी आयतं मांडून ठेवावं तसं सगळं समोर आलं होतं, अगदी रडायचं कसं इथपर्यंत.

त्याने हात पाठीमागे बांधले. दोन पावलं मागे सरला. मग खाली पाहिलं, तर उजवा हात सुटून पुढे आला होता. कधी सुटला, ते त्याला कळलंच नव्हतं. स्वतःच्याच हाताची माणसाला एवढी भीती वाटावी, हे त्याने कधी ऐकलं नव्हतं.

"बाहेर ये," तो कसाबसा म्हणाला.

दोनच पाती राहिलीत, झालंच, असं आतून उत्तर आलं.

"आत्ता बाहेर ये. पाया पडतो तुझ्या."

साडू कुरकुरत वर आला. डोक्यापासून पायापर्यंत साबणाने माखलेला. काहीतरी चेष्टा करायला त्याने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. फिटर पार भिंतीला टेकला होता, दोन्ही हात काखेत घट्ट दाबून. साडूने त्याच्याकडे पाहिलं, मग हिरव्या बटणाकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

आता हा शिव्या घालणार, नाहीतर तडक सुपरवायझरकडे जाणार, असं फिटरला वाटलं. पण साडू खालीच बसला. बराच वेळ तो आपल्या हाताचा साबण पुसत राहिला.

"मला वाटायचं, हे माझ्या एकट्याच्याच मनात येतं," तो म्हणाला.

दोघं पलीकडच्या शेडमध्ये गेले आणि कुलूप काढून घेऊन आले. साडूने राहिलेली दोन पाती उरकली आणि खालच्या पात्यांसाठी फिटरची पाळी आली. त्याने स्विचला कुलूप घातलं. साडूने ते दोनदा ओढून पाहिलं.

फिटर किल्ली खिशात टाकणार, तोच साडूने त्याचं मनगट धरलं.

"खिशात नको," तो नजर न मिळवता म्हणाला. "मुठीत धर."