वरच्यानं पाहावं

सोसायटीचे अध्यक्ष माणूस मरायची वाट पाहत होते. शीलाला दुसरं कारण सुचत नव्हतं.

आतल्या खोलीचं छत दिवाळीपासून गळत होतं. आता ते मधोमध फुगलं होतं. काल गिलाव्याचा पोपडा पाळण्याला लागून पडला. पाळण्यात अनघाचं लेकरू होतं. लेक बाळंतपणाला माहेरी आली होती.

शीलाचा नवरा नंदकिशोर रोज अध्यक्षांकडे जायचा आणि एकच उत्तर घेऊन यायचा. गळती दोन फ्लॅटमधली आहे, वरच्यानं पाहावं. वरचा शंकरसिंग तर कुलूप लावून कधीचा नागपूरला गेलेला.

"मीच विचारते त्याईले," शीला म्हणाली.

"तू कायले जाते? मी बोलून राह्यलो ना."

त्यानं स्वतः पाळणा उचलून स्वयंपाकघरात नेला. त्या खोलीत कोणी पाय ठेवायचा नाही, अशी ताकीद दिली. मग शर्टाला चिकटलेला कापूस झटकत बसला. वेचणी चालू होती आणि त्या वर्षी भाव नव्हता. लोक वजन वाढवायले कापसावर पाणी मारतात, त्याईनंच भाव पाडला, असं तो चिडून सांगायचा.

वणी गावात आठवडाभर नळाला पाणी नव्हतं. छत मात्र ठिबकतच होतं. दुपारी वर काहीतरी जड ओढल्याचा आवाज येतो, असं अनघा म्हणे. उंदीर असतील, असं नंदकिशोर म्हणे. शीलाला आता त्या छताखाली श्वास घ्यायचीही भीती वाटे.

आज तो शेतात जातो म्हणून निघाला आणि थोड्याच वेळात छताला हातभर भेग गेली. पंखा एका बाजूला कलला. अनघा लेकराला घेऊन बाहेरच्या ओट्यावर पळाली. शीला तशीच अध्यक्षांच्या दारात गेली आणि तोंडाला येईल ते बोलली.

अध्यक्ष गोंधळले. "वहिनी, मले तर हे आजच कळून राह्यलं."

खोटारडा मेला, असं तिच्या मनात आलं. पण ते हातोडी घेऊन तिच्यासोबत निघाले. तिनं तेवढं पुरे मानलं.

वर कुलूप फोडावं लागलं नाही. ते किल्लीसकट कडीला उघडंच लटकत होतं.

अध्यक्षांनी दार ढकललं. आत कापसाची गाठोडी छताला टेकली होती. फरशीवर पाणी साचलं होतं. आणि गाठोड्यांच्या मध्ये पाठीवर फवारणीचा पंप घेऊन नंदकिशोर उभा होता. त्याचा हात अजून दांडा मारत होता.

"वरच्यानं पाहावं ना?" शीला म्हणाली. "मग सांगा आता, वरचा कोण?"