ठीक असल्याचं बटण

"आणि संकटात काय दाबायचं?" चंद्रावरच्या खाणीचे प्रमुख वैतागले होते. जाड हातमोज्यांमुळे कामगारांच्या स्मार्टवॉचला एकच बटण देता येत होतं, आणि ती घड्याळं बनवणाऱ्या ऋजुतानं तेही 'मी ठीक आहे' एवढंच कळवण्यासाठी ठेवलं होतं. घड्याळ मनगटावर थरथरलं, की ते दाबायचं.

"संकटात काहीच दाबायचं नाही," ती ठामपणे म्हणाली.

पहिल्याच आठवड्यात हणमंतकाकांच्या घड्याळाकडून उत्तर आलं नाही. ऋजुता बचावगाडी घेऊन तडक निघाली. काका कोसळलेल्या दगडांखाली सापडले. जिवंत होते, पण दोन्ही हात अडकलेले.

"पोरी, बटण दाबताच आलं नाही गं," हेल्मेटमधल्या, फक्त जवळूनच ऐकू येणाऱ्या रेडिओवर त्यांचा थकलेला आवाज आला.

"म्हणून तर आले, काका."