जखमेची तारीख

हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या जनार्दन तांडेलांना डॉक्टरांनी रक्ताचा अहवाल वाचून दाखवला. रक्तवाहिनीच्या अस्तराला जखम कधी झाली, ती तारीख हल्ली रक्तातूनच कळत असे.

"तीन वर्षांपूर्वीची भाऊबीज," डॉक्टर म्हणाले.

जनार्दन गोंधळले. होडीच्या वाटणीवरून धाकट्या बहिणीच्या, म्हणजे हिराच्या नवऱ्याशी हाणामारी झाली, ती तर त्याआधी दोन महिने.

"त्याच्या दोन महिने आधीचं काहीच नाही?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही."

भाऊबीजेला हिरा ओवाळायला आली होती आणि त्यांनी दारच उघडलं नव्हतं. त्या रात्री ते समाधानानं झोपले होते. मग जखम कशी झाली?

त्यांनी नर्सच्या फोनवरून हिराचा नंबर लावला.

"कोण बोलतंय?" तिनं विचारलं.

"भाऊबीजेला दार न उघडणारा," ते म्हणाले.