हवेचं भाडं

हिवरखेडच्या इंदूबाईंनी उन्हाळाभर घातलेल्या कुरडया बडनेऱ्याच्या एका कंपनीच्या गोदामात ठेवल्या होत्या. ऑर्डर आली की खोक्यात भरून पाठवायचं काम कंपनीचं. महिन्यानं हिशोब घ्यायला गेल्या, तर विक्रीपेक्षा भाडंच जास्त.

"काकू, कुरडई हलकी, पण खोकं मोठं. आतल्या हवेचंही भाडं लागते," काउंटरवरचा सुगत म्हणाला.

"मंग आधी काहून नाही सांगतलं?"

"तुमी इचारलंच नाही."

"हवा तं तुमच्याच बडनेऱ्याची भरली ना रे! जाऊ दे, माह्या कुरडया वापस दे."

"वापस न्यायचंही भाडं हाय."

"मंग फेकून दे!"

"फेकायचा चार्ज वेगळा."

इंदूबाई मटकन खाली बसल्या. "इथं बसून रडलं तं चालते ना, बाप्पा?"

हो म्हणण्याआधी सुगतनं कॉम्प्युटरमध्ये पाहून घेतलं.